धारावीत चामड्याचा क्लस्टर: मशीन घेण्याआधीची कामं

धारावीत पाकिटं, बेल्ट, बॅगा बनवणारे कारखाने एकमेकांना खेटून आहेत. बकल, चेन, अस्तर चालत जाऊन मिळतं. क्लस्टरला, म्हणजे एकाच धंद्यातल्या कारखान्यांच्या समूहाला, लागणारी जवळीक आयतीच आहे. उणीव आहे ती एकट्याला न परवडणाऱ्या गोष्टींची: नवा नमुना काढायची सोय, डिझायनर, चाचणी. सामाईक सुविधा केंद्र काढायचं ते यासाठी.

केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघुउद्योग क्लस्टर योजनेत, २०२२च्या नियमांनुसार, ५ ते १० कोटींच्या सुविधा केंद्राला ७० टक्के आणि १० ते ३० कोटींच्या केंद्राला ६० टक्के अनुदान आहे. बहुतेकांची नजर या आकड्यांवरच खिळते. खरी सुरुवात मात्र पाहणीपासून करा. ‘मशीन हवंय का?’ असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी मागच्या तीन महिन्यांची बाहेरून करून घेतलेल्या कामाची बिलं मागा. कटिंग किती, कडा पातळ करून घेतल्या त्याचे किती, हे त्यातूनच कळतं.

मग तासांचा हिशोब मांडा. एका पाळीत महिन्याला २०० तास. त्यातले १२० भरतील असं धरा. ऑपरेटरचा पगार, वीज, देखभाल मिळून मशीनचा महिन्याचा खर्च ९०,००० असेल तर दर तासाला ७५० रुपये पडतो. कामं ६० तासांचीच आली तर तोच दर १,५०० होतो आणि सभासद जुन्या जॉबवर्कवाल्याकडे परत जातात. बंद पडलेल्या केंद्रांत मशीन सहसा चांगलंच असतं, हिशोब कच्चा असतो. अनुदानावर रोजचा खर्च भागत नाही. उद्घाटनाआधी सहा महिन्यांचा खर्च बँकेत हवा.

केंद्र चालवणारी सभासदांची कंपनी स्थापन करताना सगळ्यांची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आधी करून घ्या आणि कुणाच्याही हाती दहा टक्क्यांहून जास्त हिस्सा जाऊ देऊ नका. एकाची मक्तेदारी दिसली की लहान कारखानदार काढता पाय घेतो. पुनर्विकास सुरू असल्याने गाळ्याचे कागद वकिलाकडून तपासल्याशिवाय जागा ठरवू नका.

सगळ्यात नाजूक मुद्दा नक्कलेचा. शेजाऱ्याने माझी बॅग उचलली तर, ही भीती खरी आहे आणि ती दूर केल्याशिवाय कुणी नवं डिझाइन केंद्रात आणणार नाही. काम संपताच मालकासमोर मशीनमधली फाइल पुसा, डाय (कापायचा साचा) आणि उरलेले तुकडे त्याच्या ताब्यात द्या, रजिस्टरवर सही घ्या. ऑपरेटर कुठल्याच सभासदाचा नातेवाईक नसावा.

चाचणीची प्रयोगशाळा मात्र लगेच उभारू नका. युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूत षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं घातक रूप) किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या खालीच असावं लागतं, आणि ग्राहकाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच दाखला चालतो. सगळ्यांचे नमुने गोळा करून एकत्र पाठवा. नमुना नापास झाला तर टॅनरीला, म्हणजे चामडं कमावणाऱ्या कारखान्याला, दोष देण्याआधी गोदाम बघा: कोरडी, तापलेली हवा लागली तरी साध्या क्रोमियमचं हे रूप तयार होतं. पत्र्याच्या पोटमाळ्यावरचा माल खाली, सावलीत आणा आणि चाचणी पुन्हा करा.