मॉन्गॉइडमध्ये मेनी टू मेनी लावायचंय? आधी हे ठरवा

रेल्समध्ये (रूबीचं वेब फ्रेमवर्क) ॲक्टिव्ह रेकॉर्डची, म्हणजे टेबलवाल्या डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीची सवय असली की मॉन्गॉइडला, म्हणजे मॉन्गोडीबी डेटाबेससाठीच्या तशाच लायब्ररीला आल्यावर हात आपोआप जॉइन टेबल (दोन टेबलांमधलं नातं ठेवणारं तिसरं टेबल) शोधायला लागतो, पण इथे ते नसतंच. बुक आणि टॅग असे दोन मॉडेल धरा; एका पुस्तकाला अनेक टॅग आणि एका टॅगखाली अनेक पुस्तकं, हेच मेनी टू मेनी. बुकमध्ये 'हॅज अँड बिलाँग्ज टू मेनी', पुढे कोलन लावून टॅग्ज, आणि टॅगमध्ये तसंच बुक्स (सगळं स्मॉलमध्ये, शब्द अंडरस्कोरने जोडून). झालं, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) वगैरे काही नाही. मग डेटाबेसमध्ये प्रत्येक बुकच्या डॉक्युमेंटमध्ये (म्हणजे नोंदीत) टॅग आयडीज नावाचा ॲरे (यादी) येतो आणि प्रत्येक टॅगमध्ये बुक आयडीजचा. नातं दोन्हीकडे लिहिलं जातं, म्हणजे बुकला एक टॅग जोडला तरी राइट्स दोन कलेक्शनमध्ये (डॉक्युमेंटच्या गटांत) होतात.

आणि लफडं इथेच आहे. एका बुकला टॅग असून असून किती असणार, पाच-दहा. पण 'कादंबरी' या टॅगखाली पुस्तकं हजारोंनी येतात, तो ॲरे फुगतच जातो. मॉन्गोची एका डॉक्युमेंटची मर्यादा 16 एमबी, ती गाठायला लाखो आयडी लागतील म्हणा, पण त्याआधीच त्रास सुरू होतो, कारण नुसतं टॅगचं नाव दाखवायचं असलं तरी तो अख्खा ॲरे सोबत उचलून येतो.

म्हणून माझं मत, एक बाजू मोठी होणार असेल तर दोन्हीकडे ठेवूच नका. बुकमधल्या त्याच ओळीत इन्व्हर्स ऑफ ला निल द्या (म्हणजे समोरच्या बाजूला काही लिहायचं नाही), इंडेक्स ला ट्रू द्या (म्हणजे शोध जलद होतो), आणि टॅगमधली ओळ काढून टाका. टॅगवरून पुस्तकं हवीत तर तिथे बुक्स नावाची साधी मेथड लिहा, आत बुक डॉट व्हेअर, टॅग आयडीज बरोबर स्वतःचा आयडी, बस. फील्ड ॲरे असला तरी मॉन्गो त्यातला एकेक आयडी तपासतो. इंडेक्स मात्र नुसतं लिहून बनत नाही, मॉन्गॉइडचा क्रिएट इंडेक्सेस वाला रेक टास्क (टर्मिनलवरून द्यायची कमांड) चालवावा लागतो, हे हमखास राहून जातं आणि मग क्वेरी स्लो म्हणून सगळे ओरडतात.

एकतर्फी केल्यावर टॅग उडवला तर त्याचा आयडी पुस्तकांमध्ये तसाच पडून राहतो, म्हणून टॅगमध्ये बिफोर डिस्ट्रॉय (उडवण्याआधी आपोआप चालणारा कोड, म्हणजे कॉलबॅक) लावून तीच व्हेअरची क्वेरी घ्या आणि तिच्यावर पुल मारा, म्हणजे तो आयडी ॲरेंमधून निघतो. दोन्हीकडे नातं असेल तर डिस्ट्रॉय केल्यावर समोरची साफसफाई मॉन्गॉइड करतो, पण डिलीट वापरलंत तर कॉलबॅक चालत नाहीत, कचरा राहणारच.

अजून एक, नात्यावरच काही माहिती ठेवायची असेल, म्हणजे टॅग कोणी लावला, कधी लावला, तर या ॲरेत ती बसणार नाही. ॲक्टिव्ह रेकॉर्डमधलं हॅज मेनी थ्रू (मधल्या मॉडेलमार्फतचं नातं) मॉन्गॉइडमध्ये नाही. सरळ टॅगिंग नावाचं तिसरं मॉडेल करा, त्यात दोन बिलाँग्ज टू टाका.