नरसंहारावर फिल्म करताय? आधी कॅमेरा कोणाच्या हातात होता ते लिहा

डॉक्युमेंट्रीच्या एडिटिंगला नव्याने येणाऱ्यांना मी आधी फुटेजच्या नोंदी करायला बसवते. शॉटचा नंबर, लांबी, काय दिसतं हे सगळेच लिहितात. मी एक रकाना वाढवायला लावते: कॅमेरा कोणाच्या हातात होता? नरसंहाराच्या विषयात हा रकाना रिकामा सोडून काम करूच नये, असं माझं ठाम मत आहे. यातली कितीतरी चित्रं मारणाऱ्यांनीच काढलेली असतात.

वॉर्सा घेट्टोचं, म्हणजे पोलंडमध्ये ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीचं, फुटेज नाझींच्या पथकाने १९४२ च्या मे महिन्यात घेतलं. ते नंतर कितीतरी माहितीपटांत तेव्हाचं वास्तव म्हणून बिनदिक्कत वापरलं गेलं. १९९८ मध्ये वगळलेली रिळं सापडली, त्यांत तेच प्रसंग पुन्हा पुन्हा करून घेतलेले दिसतात. भूक खरी होती. श्रीमंत ज्यूंच्या चैनीचे देखावे मात्र बसवलेले होते. याउलट ऑगस्ट १९४४ मध्ये ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीच्या कैद्यांनी चोरून काढलेले चार फोटो. तिरके, अंधूक, काहींत कडेने दाराची काळी चौकट. ती चौकट कापून फोटो सरळ करायचा मोह होतो. करू नका. काढणारा लपून उभा होता, हे त्या काळ्या पट्ट्यावरूनच कळतं.

आणि चित्रच नसेल तर? कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने सुमारे १७ ते २० लाख माणसांचा बळी घेतला. दिग्दर्शक रिथी पान्ह यांनी लहानपणी त्यातच आपलं कुटुंब गमावलं. 'द मिसिंग पिक्चर'मध्ये (२०१३) त्यांनी मातीच्या बाहुल्या मांडल्या. त्या हलत नाहीत, कॅमेरा त्यांच्यामधून फिरतो. त्याआधीच्या 'एस-२१'मध्ये (२००३) तुओल स्लेंग या ख्मेर रूजच्या तुरुंगाचा एक माजी पहारेकरी त्याच तुरुंगाच्या रिकाम्या खोलीत आपलं रोजचं काम करून दाखवतो, नसलेल्या कैद्यांवर खेकसतो. कॅमेरा दाराबाहेरच थांबतो. आत शिरला असता, तर कैदी जिथे जमिनीवर पडलेले असत तिथेच पाय पडले असते. हा शॉट दाखवला की हमखास कोणीतरी म्हणतं, खोली लहान असेल!

कथापट करणाऱ्यांनी फ्रेंच समीक्षक-दिग्दर्शक जाक रिवेत यांचं १९६१ चं लेखन शोधून वाचावं. 'कापो' या नाझी छावणीवरच्या चित्रपटात विजेच्या तारेवर झोकून देऊन मेलेल्या बाईकडे कॅमेरा सरकत जातो आणि चौकट देखणी करतो, एवढ्यावर त्यांनी दिग्दर्शकाला झोडपलं होतं. मला ते जरा टोकाचं वाटतं. पण ट्रॉली मागवण्याआधी वाचलेलं बरं.

मुलाखतींबद्दल एकच. वाचलेल्या माणसाला 'तेव्हा कसं केलं ते करून दाखवा' असं सांगू नका. ते मारणाऱ्यांकडून करून घ्या. आणि न वापरलेल्या मुलाखती कुठे ठेवणार, हे करारातच लिहा. क्लोद लान्झमान यांचा ज्यूंच्या नरसंहारावरचा माहितीपट 'शोआ' (१९८५) नऊ तासांहून मोठा आहे, तरी त्यात न बसलेलं साहित्य कितीतरी जास्त. ते आज वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात अभ्यासकांना बघता येतं.