मुंबई ते गोवा शिडावर, दोघांनीच

कोकण किनाऱ्याने स्वतःच्या यॉटवर निवांत फिरायचं असेल, तर एक वेळ आधी पक्की करा: दुपारी दोनच्या आत नांगर पडलेला हवा. निघायची वेळ, टप्पा, जेवण, सगळं त्या दोनपासून उलटं मोजत आणायचं. मी आणि नवरा दर हिवाळ्यात आमच्या तीस फुटी होडीने खाली उतरतो. सुट्टी सुखाची होणार की दगदगीची, हे या एका गोष्टीवर ठरतं असं माझं ठाम मत आहे.

कारण वाऱ्याचं आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. तो डाव्या अंगाने येतो, समुद्र सपाट असतो, होडी जेमतेम कलते. दहा-अकराला तो पडतो. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरायला लागतो. चारच्या सुमाराला त्याला चांगलाच जोर येतो, लाटा उभ्या राहतात, आणि नेमक्या त्या वेळी अनोळखी खाडीच्या तोंडाशी असणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. म्हणून फटफटताच नांगर उचला. मतलईवर निघा, वारा पडला की थोडं इंजिन चालवा, आणि खाऱ्या वाऱ्याचा पहिला, गोड भाग पाठीवर घेऊन मुक्कामाला पोचा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघायची घाई करू नका. ‘फयान’ चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आपल्याच किनाऱ्यावर आलं होतं. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज बघायचा, आभाळ कितीही निरभ्र असलं तरी.

मुंबई ते पणजी अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. पहिल्या संध्याकाळी फक्त मांडव्याला जाऊन झोपा. दुसऱ्या दिवशी खांदेरी बेट डावीकडे ठेवून, चौल कडूच्या खडकांना बाहेरून भरपूर अंतर देऊन जंजिरा. हा तीस-बत्तीस मैलांचा टप्पा पाच नॉटने, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, दुपारपर्यंत होतो. राजपुरीच्या खाडीत, किल्ल्याच्या आतल्या अंगाला पाणी खोल आणि शांत. पुढे हर्णै. तिथे सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामध्ये थांबता येतं, पण जागा उघडी आहे, रात्री होडी डुलते आणि मच्छीमारांच्या बोटींची दाटी असते. तरी थांबाच. वाळूवरचा मासळीचा लिलाव बघायला मिळतो आणि ताजी सुरमई हातात पडते. मग जयगड, नंतर रत्नागिरीला मिऱ्याचा उपसागर, मग विजयदुर्ग. वाघोटनच्या खाडीत आत शिरलात की वारा, लाट, आवाज सगळं मागे राहतं. विजयदुर्गला एक दिवस जास्त ठेवा. आंग्र्यांनी गलबतांच्या डागडुजीसाठी बांधलेली गोदी याच खाडीत आहे, आणि १७५६ पर्यंत हा किल्ला समुद्राकडून कुणाला का घेता आला नाही, ते स्वतःच्या होडीतून आत येताना जसं कळतं तसं वाचून कळत नाही.

आता भरती. कोकणातला जुना हिशेब अजून खरा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दक्षिणेला जाल तशी ती थोडी आधी लागते, त्यामुळे भरतीचं छापील कोष्टक हवंच. पण हा हिशेब डोक्यात असला की कोष्टक उघडण्याआधी दिवस कसा जाणार ते कळतं. ज्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे तिथे भरतीच्या दुसऱ्या अर्ध्यात शिरायचं. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं आणि समोरून खारा वारा लाट आणत असतो, तेव्हा दांड्यावर लाट फुटते. जंजिरा आणि हर्णै यांच्या मधल्या बाणकोटला हे विशेष सांभाळायचं. तृतीया ते षष्ठी या तिथींना दुपारी पाणी चढत असतं, त्या दिवसांत बाणकोट जमवा. नाही जमलं तर सरळ सोडून द्या. जंजिरा, जयगड, विजयदुर्ग इथे खोल पाणी आहे, तिथे इतका विचार लागत नाही.

मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक आहेत. तिथला तांडेल, म्हणजे होडी हाकणारा जाणकार, बरोबर असल्याशिवाय आत जाऊ नका. आम्ही देवगडला होडी ठेवून मालवणला रस्त्याने जातो.

रात्रीचा प्रवास दोघांनी टाळावा, आणि त्याचं कारण जाळी. रायगडच्या किनाऱ्याला डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात. पाण्याची ओढ जोरात असली की त्यांचे बोयेसुद्धा खाली खेचले जातात आणि दिवसाही दिसत नाहीत. म्हणून एकाने सतत पुढे बघायचं. पंख्यात दोर गेलाच तर इंजिन लगेच बंद करा आणि शीड वर ठेवा, म्हणजे होडी ताब्यात राहते. दाते असलेली धारदार सुरी हाताशी असू द्या. मात्र जाळं कापणं हा शेवटचा उपाय. कुणाच्या तरी घरचं पोट त्यावर चालतं, आधी हाक मारा, बहुतेक वेळा नाखवा स्वतः येऊन सोडवून देतो.

नांगर टाकताना आमच्यात कुणी बोलत नाही. सुकाणू माझ्याकडे, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, नवरा. त्याने हात ज्या बाजूला केला तिकडे वळायचं, मूठ वर केली की थांबायचं, तळवा मागे हलवला की रिव्हर्स. वाऱ्यात ओरडलेलं अर्धंच ऐकू येतं आणि त्यातूनच भांडणं होतात. साखळीचा हिशेब पूर्ण भरतीच्या खोलीवर करा: आत्ता तीन मीटर पाणी, अजून तीन चढणार, नाळेची उंची एक, झाले सात, त्याच्या पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर साखळी. मग इंजिन हळूहळू रिव्हर्समध्ये घेऊन नांगर चिखलात बसू द्या. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्याच्या मागचं एक छप्पर एका रेषेत धरून पंधरा मिनिटं बघत बसा. रेषा मोडली नाही तरच चहा ठेवा. भरती-ओहोटी बदलताना होडी पूर्ण फिरते, तेव्हा शेजारच्या बोटीपासून तेवढी मोकळी जागा आहे ना हेही बघा.

कामं अधूनमधून अदलाबदल करा. दोघांपैकी एकाला ताप आला, तर दुसऱ्याला एकट्याने होडी खाडीत आणता आली पाहिजे.

वाटेत मरीना म्हणावी अशी सोय नाही. डिझेल आणि पाणी धक्क्यावरून कॅनने आणायचं. खाण्यात थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुलं आणि तांदूळ असले की मासळी रोज मिळतेच. होडीची कागदपत्रं आणि दोघांचं आधार एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. सागरी पोलीस विचारतात आणि विचारायलाच हवं. निघताना बंदर कार्यालयात कळवा. व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरच्या चॅनलवर चालू राहू दे, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये असू दे.

गोव्यात मांडवीच्या तोंडाशीही वाळूचा दांडा आहे, तेव्हा आग्वादच्या उपसागरात थांबून पाणी चढल्यावर, खुणेच्या बोयांमधून आत जा. परतीसाठी मात्र जाण्याच्या दुप्पट दिवस हाताशी ठेवा. उत्तरेला येताना दुपारचा वारा तोंडावर असतो, त्यामुळे पहाटेच्या मतलईवर जेवढं अंतर कापाल तेवढंच तुमचं. मतलईला थंडीतच जोर असतो. फेब्रुवारी संपायच्या आत मुंबई गाठता येईल अशा बेताने गोवा सोडा.