शिबिरातल्या नेत्ररुग्णांचा डेटा पाठवताय? या चुका टाळा

शिबिरातली यादी एक्सेलमध्ये भरून मुख्य रुग्णालयाकडे जाते. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णाला पाहिलेलं नसतं, त्यांच्यासमोर फक्त आपण भरलेले आकडे असतात.

सगळ्यात जास्त घोळ नजरेच्या रकान्यात होतो. ६/६ टाइप करून एंटर दाबलं की एक्सेल त्याची ६ जून तारीख करतं, ६/१२ ची ६ डिसेंबर. आमच्याकडची अशी एक अख्खी यादी पुढे गेली. चूक लक्षात आल्यावर रकान्याचं फॉरमॅट बदललं, तर तिथे पाच आकडी संख्या उमटल्या. शेवटी एकेक केसपेपर काढून नजर पुन्हा भरली. त्यामुळे भरायला बसण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या.

‘ओडी’ लिहू नका. चष्म्याच्या नंबराच्या कागदावर त्याचा अर्थ उजवा डोळा, थेंबांच्या चिठ्ठीवर दिवसातून एकदा. सरळ ‘उजवा’, ‘डावा’ लिहा. सिलिंडर (चष्म्याच्या नंबरातला दुसरा आकडा) सगळ्यांनी एकाच चिन्हात, अधिक किंवा उणे, लिहायचा हेही आधी ठरवा. +१.०० / −२.०० × ९० आणि −१.०० / +२.०० × १८० हा एकच नंबर आहे, पण यादीत ते दोन वेगळे रुग्ण वाटतात. डोळ्याचा दाब लिहिताना तो हवेच्या झोताने मोजला की गोल्डमनने (डोळ्याला टेकवून दाब मोजायचं उपकरण), आणि किती वाजता, हेही लिहा.

डोळ्याच्या पडद्याच्या फोटोत चेहरा नसतो, म्हणून तो बिनधास्त व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला जातो. कोपऱ्यात छापलेलं नाव, वय मात्र तसंच राहतं. ते कापलं तरी डायकॉम (वैद्यकीय फोटोंचं फॉरमॅट) फाइलच्या आत नाव आणि जन्मतारीख असू शकते, तीही काढायला हवी. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या आणि कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा. मोबाइल नंबरच क्रमांक म्हणून वापरू नका. त्याने ओळख उघड होतेच, शिवाय गावात आजी, आजोबा आणि सून तिघंही मुलाचा एकच नंबर सांगतात.

संमतीबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती समजून-उमजून दिलेली असावी, असं आहे. आपण मात्र बाहुली मोठी करायचे थेंब घालून झाल्यावर फॉर्म पुढे सरकवतो. तेव्हा त्या माणसाला जवळचं अक्षर धूसर दिसत असतं. फॉर्म थेंबांच्या आधी द्या, आणि वाचता येत नसेल तर शेजारी बसून मराठीत वाचून दाखवा.