पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन: कधी करायचं, तयारी कशी करायची, घरी आल्यावर काय बघायचं

पहिली गोष्ट, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले म्हणून लगेच ऑपरेशन असं नसतं. कितीतरी लोकांची सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी झालेली असते आणि त्यात खडे सापडतात, त्रास कधीच झालेला नसतो आणि त्यातल्या बहुतेकांना पुढेही होत नाही, अशांना सर्जन साधारणपणे नुसतं लक्ष ठेवा म्हणतात. त्रास देणाऱ्या खड्यांची खूण वेगळी असते. तेलकट-तुपकट जेवण झालं की रात्री उजव्या बरगड्यांच्या खाली नाहीतर पोटाच्या वरच्या भागात मधोमध कळ येते, अर्धा तास ते चार-पाच तास हलत नाही, पाठीत उजव्या खांद्याकडे जाते आणि सोबत मळमळ, उलटी. मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे, आमच्याकडे येणारे कितीतरी पेशंट अशा कळा ॲसिडिटी समजून गोळ्या आणि ओवा-जिऱ्यावर महिनोन्‌महिने काढून आलेले असतात. तुम्हाला अशी कळ परत परत येत असेल तर उपाशीपोटी सोनोग्राफी करून घ्या. मात्र छातीत दाबल्यासारखं होतंय आणि घाम फुटलाय तर आधी ईसीजी, बाकी सगळं नंतर.

दुसरं, हे खडे किडनीच्या खड्यांसारखे नसतात. किडनीचा बारीक खडा भरपूर पाणी पिऊन लघवीतून पडू शकतो, पित्ताशयातल्या खड्याला तशी वाट नसते. त्यामुळे पाषाणभेद, बिअर, सफरचंदाचा रस, ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू असले व्हॉट्सॲपवरचे उपाय कृपा करून करू नका. तेल-लिंबाच्या त्या उपायानंतर संडासातून जे हिरवट गोळे पडतात आणि लोक फोटो काढून पाठवतात ना, ते बहुतेक वेळा त्या तेलाचेच साबणासारखे गोळे झालेले असतात, सोनोग्राफी परत केली की खडे जागच्या जागी. विरघळवायच्या गोळ्या आहेत पण त्या ठराविक प्रकारच्या बारीक खड्यांवरच चालतात, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि थांबवल्यावर खडे परत होऊ शकतात. म्हणूनच ऑपरेशनमध्ये नुसते खडे काढत नाहीत, अख्खं पित्ताशय काढतात. पित्त लिव्हरमध्ये तयार होतं, पित्ताशय फक्त साठवतं, ते काढलं तरी पित्त थेट आतड्यात येत राहतं आणि पचन चालू राहतं.

थांबायचं नाही असे काही प्रसंग आहेत. कळ थांबतच नाही आणि ताप आलाय म्हणजे पित्ताशयाला सूज आलेली असू शकते. अशा वेळी आधी अँटिबायोटिकवर घरी पाठवून दीड-दोन महिन्यांनी ऑपरेशन करायची पद्धत होती, आता पेशंटची तब्येत झेपणारी असेल तर त्याच ॲडमिशनमध्ये पहिल्या काही दिवसांतच करणं बरं समजतात. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर खडा मुख्य पित्तनळीत अडकलाय का ते बघावं लागतं, त्यासाठी एमआरसीपी नावाचा स्कॅन करतात आणि खडा असेल तर बहुतेक ठिकाणी आधी तोंडातून दुर्बीण घालून तो काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात. नातेवाईक इथे गोंधळतात की एकदा दुर्बीण घातली मग परत कशाला, तर त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीत नळीतला खडा निघतो, दुसरीत पित्ताशय. आणि खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली तर पोटात भयंकर दुखतं, तिथे घरी एक रात्रही काढू नका.

आपल्याकडे हे ऑपरेशन नवीन राहिलेलं नाही. 1990 साली मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उदवाडियांनी भारतातलं पहिलं केलं, आज तालुक्याच्या गावीही होतं. करतात काय, तर पूर्ण भूल देऊन बेंबीपाशी एक छेद घेतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. बहुतेक वेळा चार भोकं असतात, दोन साधारण 10 मिलिमीटरची, दोन 5 ची. आतमध्ये पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी मोकळी करून दोन्ही नीट ओळखू आल्या की क्लिपा लावून कापतात, पित्ताशय लिव्हरपासून सोडवतात आणि पिशवीत घालून बाहेर काढतात. क्लिपा सहसा टायटॅनियमच्या असतात, त्या आतच राहतात, एमआरआयला सहसा अडचण येत नाही, तरी स्कॅनच्या वेळी सांगून ठेवा.

सर्जनला भेटाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा, गरज पडली तर पोट उघडून करावं लागेल का आणि माझ्या बाबतीत ती शक्यता किती. संमतीपत्रात हे लिहिलेलं असतंच पण लोक वाचत नाहीत आणि मग ऑपरेशननंतर मोठा टाका दिसला की बिघडलं म्हणून ओरडा होतो. बिघडलेलं नसतं हो. आत सूज इतकी असते की नळी कुठली ते कळत नाही, आणि मुख्य पित्तनळीला इजा झाली तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं, अशी इजा साधारण 1000 ऑपरेशनमागे 2 ते 5 मध्ये होते. ती टाळायला जो सर्जन वेळेवर थांबतो आणि पोट उघडतो तो चांगला सर्जन, हे मी मनापासून सांगते. भोकं लहान असली तरी आतलं काम तेवढंच मोठं असतं. एका भोकातून करता का, रोबोटने करता का यापेक्षा हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का हे विचारा.

पैशाचं आधीच बघून ठेवा. बऱ्याच हेल्थ पॉलिसीत पित्ताशयाच्या खड्यांना 2 वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढा काळ त्याचा खर्च मिळत नाही, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आता तयारी. चालू असलेली सगळी औषधं पिशवीसकट घेऊन या, नावं आठवून सांगू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरच ठरवणार, स्वतःहून बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर अजिबात नाही. शुगरच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती साधारण 3 दिवस आधी थांबवतात, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आठवणीने सांगा. वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. आणि तंबाखू, मिश्री, बिडी, दारू, काहीही लपवू नका. मिश्री लावणाऱ्या मावश्या सासरच्या माणसांसमोर नाही म्हणतात आणि मग आम्हाला हळूच सांगतात, चालेल, हळूच सांगा पण सांगा.

आदल्या रात्री हलकं जेवण, त्यानंतर उपाशी किती वेळ ते हॉस्पिटल सांगेल तसं. साधारण नियम असा की खाणं निदान 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. पण दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, तो खाण्यातच धरतात. पहाटे कोणीतरी प्रेमाने घोटभर चहा पाजतं आणि सकाळची केस दुपारवर जाते, हे फार होतं. बेंबी स्वच्छ करा, आदल्या दिवशी थोडं खोबरेल तेल सोडून ठेवा, मग आंघोळीच्या वेळी मऊ कापसाने आतला मळ काढा, कारण पहिला छेद तिथेच असतो. ब्लेड फिरवू नका, केस काढायचे असतील तर आम्ही मशीनने काढतो. नेलपॉलिश पुसा, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यातून नीट वाचत नाही. जोडवी, चमकी, मंगळसूत्र, घट्ट बांगड्या घरीच काढून ठेवा, ऐनवेळी साबण लावून बांगडी उतरवताना हात सुजतो.

ऑपरेशन झाल्यावर नातेवाईकांना बोलावून ट्रेमध्ये पित्ताशय दाखवतात, खडे बाटलीत घालून देतात. खडे न्या खुशाल, पण पित्ताशय तपासणीला पाठवलंय ना हे विचारा आणि रिपोर्ट हातात घेऊनच पहिली फॉलोअप करा. क्वचित एखाद्याला त्यात कॅन्सर निघतो, तो लवकर कळला तर पुढचं उपचाराचं ठरवता येतं.

त्या दिवशी संध्याकाळी उजवा खांदा दुखेल, घाबरू नका, पोटात राहिलेल्या गॅसने छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या स्नायूला त्रास होतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं, चालल्याने बरं वाटतं. पडून राहू नका, संध्याकाळीच धरून धरून वॉर्डात फेरी मारा. खोकताना पोटावर उशी दाबून धरा. घरी बहुतेक पेशंट दुसऱ्या दिवशी जातात. खाण्यात आसट वरण-भात, इडली, ताक असं सुरू करून आठ-दहा दिवसांत नेहमीचं जेवण, तळलेलं थोडं उशिरा, काहींना सुरुवातीला जेवल्यावर लगेच पातळ संडास होते, ती हळूहळू कमी होते. जन्मभर पथ्य वगैरे काही नाही. पाण्याची बादली, सिलिंडर, नातवंडं मात्र निदान दोन ते चार आठवडे उचलायची नाहीत, नाहीतर बेंबीपाशी हर्निया व्हायची भीती. गाडी चालवायची तर जोरात ब्रेक दाबताना पोटात दुखत नाही आणि झोप आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद झाल्यात, हे बघून मगच.

दर दिवशी दुखणं कमी व्हायला पाहिजे. ते वाढत चाललं, ताप आला, पोट फुगलं, उलट्या थांबत नाहीत, डोळे पिवळे झाले, संडास पांढरट झाली, तर फोनवर गोळी विचारू नका, सरळ हॉस्पिटलला या. अजून एक, जे फारसं कोणी सांगत नाही. टाके भरून आले, सगळं छान झालं आणि तीन-चार आठवड्यांनी बेंबीपाशी गाठ येऊन त्यातून पाणी यायला लागलं आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने सुकत नाही, तर दर आठवड्याला नुसतं ड्रेसिंग करत बसू नका. दुर्बिणीच्या भोकांत एका वेगळ्या प्रकारच्या, टीबीच्या कुळातल्या जंतूंचा (मायकोबॅक्टेरिया) संसर्ग होऊ शकतो, साध्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, तो बऱ्याचदा सापडत नाही आणि औषधंही वेगळी, काही महिने घ्यावी लागतात. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट म्हणा की मायकोबॅक्टेरियाचं कल्चर करायचं का.