‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. वार आणि वेळ सांगा

अल्झायमर झालेल्या माणसाला भेटून निघताना जवळजवळ प्रत्येक पाहुणा दारात चपला घालता घालता म्हणतो, ‘काही लागलं तर सांगा हं.’ म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण त्या वाक्याच्या भरवशावर कोणी फोन केलेला मी तरी पाहिलेला नाही. माझ्या सासूबाईंचं आजारपण आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा मीही केला नाही. मागायचं म्हणजे आधी काय मागू ते ठरवा, कोणाकडे मागू ते ठरवा, त्यांना जमेल का याचा अंदाज घ्या, आणि नाही म्हणाले तर दोघांनाही अवघडल्यासारखं होणार ते वेगळंच. रात्री चार वेळा उठलेल्या माणसाला एवढा विचार झेपत नाही.

आता आम्ही शेजारपाजारचे काही जण मिळून अशा घरांसाठी एक गट चालवतो. त्याचा एकच मुख्य नियम आहे. काम, वार आणि वेळ मदत करणाऱ्यानं सांगायची. ‘दर गुरुवारी चार ते सहा मी आजींजवळ बसते, तुम्ही बाहेर जाऊन या.’ समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. तुमच्या भागात असं काही सुरू करायचं असेल तर ते कसं करायचं, ते पुढे सांगते.

सुरुवात छोटी करा, आणि नाव जपून ठेवा

जनजागृतीची मोठी सभा घेऊन सुरुवात करू नका. टाळ्या पडतात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही. तीन-चार भरवशाची माणसं आणि एक-दोन घरं एवढ्यावर सुरू करा. वेळापत्रक एकाच व्यक्तीच्या हातात ठेवा, आणि ती व्यक्ती रुग्णाच्या घरातली नको. कोण कधी येणार याचा हिशेब घरच्यांनीच ठेवायचा असेल तर त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम चढवल्यासारखं होतं.

गटाच्या नावात ‘अल्झायमर’ घालू नका, हे माझं ठाम मत. ‘ज्येष्ठांचा गट’ एवढंच पुरे. आजार लपवणारी घरं खूप असतात, आणि दारावर शिक्का बसणार असेल तर ती दार उघडत नाहीत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ज्यांची स्मरणशक्ती ठणठणीत आहे, पण जे एकटे राहतात, ज्यांना कमी ऐकू येतं किंवा मोतीबिंदूमुळे बाहेर पडायची भीती वाटते, त्यांनाही या गटाची तेवढीच गरज असते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे (अल्झायमर हा त्याचाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) १४ बदलता येण्याजोगे धोके मांडले. श्रवणदोष, उपचार न झालेला दृष्टिदोष आणि एकाकीपणा हे तिन्ही त्यात आहेत. हे १४ धोके आयुष्यभरात दूर ठेवता आले तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे कोणाला कानाच्या यंत्रासाठी तपासणीला घेऊन जाणं हेसुद्धा याच गटाचं काम.

शिकवण्याचा बाऊ करू नका. जपाननं २००५ पासून सामान्य लोकांना ‘स्मृतिभ्रंश-सहायक’ बनवायला सुरुवात केली. बँकेतले कर्मचारी, दुकानदार, शाळकरी मुलं अशा सगळ्यांसाठी ते प्रशिक्षण साधारण दीड तासाचं असतं. दीड तासात कोणी परिचारिका होत नाही, पण रस्त्यात गोंधळून उभ्या असलेल्या आजोबांशी कसं बोलावं एवढं नक्की कळतं.

घरच्यांना विचारायच्या गोष्टी, एका पानावर

पहिल्या भेटीत माहितीचं एक पान भरून घ्या. त्यात औषधं, ॲलर्जी आणि डॉक्टरांचा नंबर असतोच. पण खरं उपयोगी पडतं ते वेगळंच. कोणत्या नावानं हाक मारली की वळून बघतात? लहानपणी घरात कोणती भाषा बोलत? (आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी हातची सुटते.) काम काय करायचे? कशानं घाबरतात, कशानं शांत होतात? डाव्या कानाशी बोलायचं की उजव्या?

माझ्या सासूबाई गणिताच्या शिक्षिका होत्या. गटातल्या एका मुलीनं ते पान वाचलं आणि पुढच्या भेटीला जुन्या वह्या आणि लाल पेन्सिल घेऊन आली. तासभर वह्या तपासणं चाललं. बरोबर गणितावर चूक आणि चुकलेल्यावर बरोबर अशा खुणा झाल्या, पण त्या तासात त्यांनी ‘मला घरी जायचंय’ हे एकदाही म्हटलं नाही. मनोरंजनाचे खेळ विकत आणण्यापेक्षा त्या माणसाचं जुनं काम शोधा.

पानावर अलीकडचा फोटो लावा, आणि माणूस हरवला तर कुठे जाऊ शकेल त्या जागा लिहा. जुनं घर, जुनी नोकरी, देऊळ, बसथांबा. ब्रिटनमधले पोलिस ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाचा असाच फॉर्म घरच्यांना आधीच भरून ठेवायला सांगतात, म्हणजे प्रसंग आल्यावर धावपळीत आठवत बसावं लागत नाही. हे पान घरात ठेवा, एक प्रत वेळापत्रक सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे द्या. गटाच्या व्हॉट्सॲपवर ते टाकायचं नाही, म्हणजे नाही.

भेटीला गेल्यावर

‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न कायमचा सोडून द्या. आपल्याकडे तो प्रेमानं विचारला जातो, पण समोरच्या माणसाला ती परीक्षा वाटते, आणि नापास झाल्याचं त्याला बरोबर कळतं. दारातच सांगा : ‘आजी, मी शेजारची सुनीता, तुमच्याशी गप्पा मारायला आले.’ दर खेपेला सांगा.

समोर बसा, डोळ्यांच्या पातळीवर. एका वेळी एकच गोष्ट बोला आणि उत्तराची वाट बघा. ती वाट तुम्हाला अवघड वाटेल इतकी लांब असू शकते. ‘काय करूया?’ ऐवजी ‘कपड्यांच्या घड्या घालूया की बाहेर बसूया?’ असं विचारा. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न नकोत. केव्हाच वारलेल्या आईकडे जायचंय असं म्हणाल्या तर ‘अहो, त्या कधीच गेल्या’ असं सांगू नका. त्यांच्यासाठी ती बातमी दर वेळी नवी असते. ‘आई कशी होती तुमची?’ असं विचारा आणि ऐका.

‘त्यांना तर काही आठवणारच नाही, मग जाऊन काय उपयोग?’ असं विचारणारा स्वयंसेवक हमखास निघतो. या आजाराच्या तडाख्यात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर सापडतो. नव्या आठवणी साठवण्याचं काम त्याच्याकडे असतं, म्हणून सकाळची गोष्ट दुपारी नसते. पण प्रसंग पुसला म्हणून भावनाही पुसते असं नाही. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. त्यात काय पाहिलं हे रुग्ण फार लवकर विसरले, मनातलं दुःख किंवा आनंद मात्र त्यानंतरही टिकून राहिला. तुम्ही येऊन गेलात हे आजी विसरतील. पण नंतर घरच्यांना ज्या आजी सांभाळायच्या आहेत त्या चिडलेल्या असतील की शांत, ते तुमच्या भेटीवरही ठरतं.

वेळ निवडताना संध्याकाळ धरा. ऊन उतरायला लागलं की अनेकांची अस्वस्थता वाढते, येरझारा सुरू होतात, आणि नेमका तेव्हाच घरातल्या बाईला दहा कामं असतात. अंधार पडायच्या आधी दिवे लावा, टीव्ही बंद करा. आणि दर आठवड्याला नवा चेहरा पाठवू नका. पाच उत्साही माणसं आळीपाळीनं येण्यापेक्षा एकच माणूस नेमानं आलेला बरा.

ते दोन तास कोणाचे?

सांभाळणाऱ्याचे. हे स्वयंसेवकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ती त्या वेळेत झोपली, सिनेमाला गेली, नुसती बागेत बसली, तरी परत आल्यावर ‘काय काय कामं उरकलीस?’ असं विचारायचं नाही. उपायही सुचवायचे नाहीत. कोणाच्या तरी मामांना अमुक काढ्यानं गुण आला, ही गोष्ट तिनं ऐकून झालेली असते. सांभाळणारा पुरुष असेल तर जरा जास्त लक्ष द्या. ‘सगळं ठीक चाललंय’ म्हणण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

पैशांबाबत मात्र कडक राहा. स्वयंसेवकानं एटीएम कार्ड हातात घ्यायचं नाही, कुठल्याही कागदावर सही घ्यायची नाही, उसने पैसे घ्यायचे-द्यायचे नाहीत. घराची किल्ली कोणाकडे आहे याची नोंद ठेवा. नवा स्वयंसेवक पहिल्या काही भेटींना कधीही एकटा जाणार नाही. यावर कोणी रुसलं तर रुसू दे. बँकेचे व्यवहार, मृत्युपत्र, उपचारांविषयीची इच्छा हे सगळं आजाराच्या सुरुवातीलाच, माणसाला समजून निर्णय घेता येतोय तोवर, वकिलाच्या सल्ल्यानं करून घ्यायला कुटुंबाला सुचवा. तुमचं काम सुचवण्यापुरतंच.

माणूस दिसेनासा झाला तर

आधी घरच नीट शोधा : गच्ची, न्हाणीघर, जिन्याखालची जागा, उभी गाडी. हे करतानाच दुसऱ्यानं पोलिसांना फोन करायचा. ‘चोवीस तास थांबावं लागतं’ ही समजूत साफ चुकीची आहे, आणि तिच्यापायी मोलाचा वेळ जातो. हरवलेली व्यक्ती हाकेला ओ देईलच असं नाही. जवळच्याच झुडपात किंवा आडोशाला गप्प बसलेली सापडू शकते, म्हणून नुसत्या हाका मारत पुढे जाऊ नका, वाकून बघा. एक जण घरी थांबलाच पाहिजे, कारण कधीकधी माणूस स्वतःच परत येतो.

जपानमधल्या ओमुता शहरात अशा शोधाची रंगीत तालीम होते. एक जण हरवल्याचं सोंग घेऊन फिरतो आणि लोकांनी त्याला ओळखून बोलतं करायचं. आम्ही ती कल्पना उचलली. सुरक्षारक्षक, औषधदुकानदार, रिक्षावाले या तालमीत अगदी हौसेनं उतरतात. तेव्हा लक्षात आलं, की शोधणं सोपं असतं. अनोळखी म्हाताऱ्या माणसाला थांबवून ‘काका, कुठे निघालात? चला, मी पण येतो’ म्हणायचं धाडस अवघड जातं. सराव त्याचाच करा.

एकत्र बसायची जागा

महिन्यातून एकदा रुग्ण आणि घरचे दोघांनीही यावं असा मेळ जमवा. बेरे मीसेन या डच मानसशास्त्रज्ञानं १९९७ मध्ये ‘अल्झायमर कॅफे’ सुरू केला तो याच विचारानं. रुग्णाला घरी ठेवून त्याच्याविषयी बोलायचं नाही, त्याच्यासह बोलायचं. अर्धा तास एखाद्या जाणकाराचं बोलणं, मग मोकळ्या गप्पा, शेवटी प्रश्न.

खोली तळमजल्यावरची घ्या. स्वच्छतागृहाचं दार लगेच दिसावं, त्यावर मोठ्या अक्षरात पाटी आणि चित्र हवं. चकचकीत फरशी ओली वाटते आणि गडद पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं. त्यापुढे पाऊल अडलं तर तो हट्ट नसतो, पायपुसणं उचला. मोठा आरसा झाकून टाका.

डॉक्टरकडे कधी पळायचं

दर आठवड्याला येणाऱ्या माणसाला बदल चटकन दिसतो, म्हणून हे सगळ्यांना पाठच हवं. अल्झायमर हळूहळू वाढतो. दोन दिवसांत माणूस एकदम भलतंच बोलायला लागला, भास व्हायला लागले किंवा सतत गुंगीत राहिला, तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवं औषध यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चेहरा वाकडा झाला, हात लुळा पडला, बोलणं जड झालं तर एक मिनिटही न थांबता रुग्णालय.

तसंच, विसरायला लागलेल्या प्रत्येकाला अल्झायमर ठरवू नका. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांनीही विसरभोळेपणा येतो. तपासणी न करता गटानं कोणाचंही निदान करायचं नाही.

नंतर

सुरुवातीला माणसं भरपूर मिळतात. रुग्ण बोलायचा बंद झाला, अंथरुणाला खिळला, की भेटी गळायला लागतात. ‘आता जाऊन काय बोलणार?’ बोलू नका. हातात हात घेऊन बसा, ओठ ओले करा, कुशीवर वळवायला मदत करा. त्या काळात घराला माणसांची गरज सर्वांत जास्त असते, म्हणून वेळापत्रकात या घराच्या पाळ्या आधी भरा, नव्या घरांच्या मग.

माणूस गेल्यावरही ते नाव लगेच खोडू नका. निदान काही महिने तोच वार, तीच वेळ चालू ठेवा. इतकी वर्षं घड्याळाला बांधलेल्या बाईला अचानक दिवसभर काही काम उरत नाही. तिला गटात यायला सुचवा, पण एकदाच. काही जणी येतात आणि इतरांपेक्षा चांगल्या शिकवतात. काहींना तो विषयच नकोसा होतो. त्यांना फिरायला चला म्हणा, आणि वार सांगा.