अपक्ष म्हणून विधानसभेला उभं राहायचंय? दोनदा हरल्यानंतर लिहिलेल्या चार गोष्टी

2019 ला पहिल्यांदा आणि 2024 ला दुसऱ्यांदा मी सोलापूर शहर मध्यमधून अपक्ष उभा राहिलो. दोन्ही वेळा अनामत गेली. पहिल्या वेळी तर माझी मतं नोटापेक्षाही कमी होती. आता पूर्व भागातली पोरं दुकानावर येऊन विचारतात, "अन्ना, आम्हालाही उभं राहायचंय, काय काय लागतं?" प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून लिहूनच ठेवतो.

अनामत विधानसभेला 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5,000. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली तरच ती परत मिळते. 1,80,000 वैध मतं झाली तर तुम्हाला 30,000 च्या वर हवीत. अपक्षाने हे पैसे गेलेच असं धरावं आणि घरी तसं आधीच सांगावं. कर्ज काढून तर अजिबात भरू नये.

खरी अडचण सूचकांपासून, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणाऱ्या मतदारांपासून सुरू होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. आपलं शहर उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन मतदारसंघांत वाटलेलं आहे. सगळे रोज एकाच चौकात चहा पितात, त्यामुळे कोण कुठल्या यादीत आहे हे कुणाच्या लक्षातही नसतं. 2019 ला माझ्या दहा जणांपैकी एका मित्राचं नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघालं. छाननीच्या दिवशी तो अर्ज बाद झाला. एका वकिलांच्या सांगण्यावरून वेगळ्या दहा सूचकांचा दुसरा अर्जही भरून ठेवला होता, म्हणून वाचलो. एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात आणि अनामत एकदाच लागते. किमान दोन तरी भराच, आणि प्रत्येक सूचकाचा यादी भाग क्रमांक व अनुक्रमांक स्वतः यादीत बोट ठेवून तपासा.

सूचक अंगठा लावणारा असेल तर तो अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोरच लावावा लागतो. आमच्या गल्लीतल्या एक अक्का त्यासाठी विड्यांचं काम सोडून आल्या होत्या. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडाली. हे मी विसरलो नाही.

शपथपत्र फॉर्म 26 मध्ये असतं. त्यातला एकही रकाना मोकळा सोडू नका. जमीन नसेल, कर्ज नसेल, गुन्हा नसेल, तरी तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. मोकळ्या रकान्यासाठी अधिकारी नोटीस देतात, आणि तरीही तो भरला नाही तर अर्ज जातो.

आता चिन्ह. अपक्षाला मुक्त, म्हणजे कुठल्या पक्षासाठी राखून न ठेवलेल्या चिन्हांतून पसंतीक्रमाने तीन मागावी लागतात आणि अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावरच चिन्ह हातात पडतं. 2019 ला ती मुदत 7 ऑक्टोबरला संपली, मतदान 21 ला. 2024 ला माघारीचा दिवस 4 नोव्हेंबर, मतदान 20 ला. शेवटचे 48 तास प्रचारबंदी. म्हणजे चिन्ह लोकांच्या डोक्यात बसवायला पहिल्या वेळी 12 दिवस मिळाले, दुसऱ्या वेळी 14. मोठ्या पक्षांचं चिन्ह लोक लहानपणापासून बघत आलेले असतात. शिवाय यंत्रावर मान्यताप्राप्त पक्ष आधी येतात, मग नोंदणीकृत पक्ष आणि अपक्ष सगळ्यात खाली.

पहिल्या वेळी मला बॅट मिळाली होती. दुसऱ्या वेळी आणखी एकाने तीच मागितली, चिठ्ठी टाकली गेली आणि बॅट त्याच्याकडे गेली. मला शिलाई मशीन मिळालं. मतदानानंतर दोन दिवसांनी मी त्याच अक्कांच्या घरी गेलो. मांडीवर सूप, कात्रीने पान कापणं चालू, हात थांबत नव्हता. म्हणाल्या, "तुलाच दिलं रे बाळा, बॅटचंच बटण दाबलं की." मी काही बोललो नाही. 2015 पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो, पण तो छोटा असतो आणि माझ्या फोटोत मी कधी नव्हे तो कोट घातला होता. रोज बघणाऱ्या बाईनेही ओळखलं नसतं. फोटो रोजच्या कपड्यातला द्या. आणि चिन्ह बदललं असेल तर "मागच्या वेळचं नाही, हे नवीन" हे वाक्य प्रत्येक दारात, नमुना मतपत्रिकेवर बोट ठेवून सांगा.

दारोदार जायचं तर वेळ ओळखून. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पाण्याच्या दिवशी त्या गल्लीत जाऊ नका, कुणालाच सवड नसते. विडी कामगार बायका ब्रँचवर, म्हणजे कारखान्याच्या विड्या जमा करायच्या जागी, विड्या देऊन परत येतात तेव्हा भेटतात आणि बोलतातही. पूर्व भागात तेलुगूतून, बाळीवेशीकडे कन्नडमधून दोन वाक्यं तरी यायला हवीत. सभेवर मी 2019 ला जेवढे पैसे घातले, ते वाया गेले.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. पहिल्या पराभवानंतर मी फॉर्म 20 काढून वाचला. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. तीन रात्री पेन्सिल घेऊन बसलो होतो. बहुतेक केंद्रांवर माझी मतं एक आकडी, कितीतरी ठिकाणी शून्य. दोन आकडी मतं जिथे होती, त्यातल्या जवळजवळ सगळ्या केंद्रांवर माझा मतदान प्रतिनिधी बसलेला होता. असे प्रतिनिधी मला मिळाले होते फक्त 11. 2024 ला 46 जण बसवले आणि चित्र पुन्हा तेच दिसलं. माणूस बसला म्हणून मतं वाढली, असं मात्र नाही. सात वाजताच्या मतदानासाठी पहाटे साडेपाचला चाचणी मतदानाला हजर राहायचं, दिवसभर त्या बाकड्यावर बसायचं आणि संध्याकाळी 17 सी फॉर्मची, म्हणजे केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली त्या हिशेबाची, प्रत घेऊनच उठायचं, हे तुमच्यासाठी फुकट करायला जो तयार होतो, त्याचं घर आणि त्याची गल्ली आधीच तुमची असते. जिथे असा एकही माणूस मिळत नाही, तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही.

एका केंद्रावर आता साधारण 1,200 पर्यंत मतदार असतात. तीन लाखांचा मतदारसंघ धरला तर किमान 250 केंद्रं झाली. अर्ज भरायच्या आधी वहीत सगळ्या केंद्रांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर एका माणसाचं नाव. निम्मी पानं रिकामी असतील तर या वेळी थांबा आणि ती भरण्याचं काम करा. मला हे 2019 च्या आधी कुणी सांगितलं असतं, तर मी पाच वर्षं वेगळी वापरली असती.

माकपच्या नरसय्या आडम मास्तरांकडे बघा. मी त्यांच्या पक्षाचा नाही. 1978, 1995 आणि 2004 ला ते आमदार झाले, 2009 पासून लागोपाठ हरले. तरी कामगारांच्या घरांसाठी ते झटत राहिले आणि जानेवारी 2024 मध्ये कुंभारीच्या रे नगरमध्ये पहिल्या 15,000 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. निवडणूक हरलेल्या माणसाला काम करायला कुणी अडवत नाही, हे मी तिथून शिकलो.

राहिला हिशेब. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडा. एका व्यक्तीला पूर्ण निवडणुकीत मिळून 10,000 च्या वर रोख देता येत नाही, पुढचं सगळं चेकने किंवा ऑनलाइन. खुर्ची, मंडप, चहा, नाष्टा यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात. मित्राने फुकट दिलेला मंडपसुद्धा त्या दराने तुमच्या खर्चात धरला जातो. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव हवंच. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दाखल केला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरता येतं. 2019 ला हरल्यावर मी महिनाभर त्या नोंदवहीला हातच लावला नाही, आणि शेवटच्या दिवशी मंडपवाल्याची पावती मागत फिरलो. तेव्हापासून पावती हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असं ठरवलंय. 2024 ला रोज रात्री लिहीत गेलो, पंधरवड्यात हिशेब देऊन मोकळा झालो.

माझ्या वहीत आज 112 केंद्रांसमोर नावं आहेत. ज्यांना ती कशी भरली हे बघायचंय, त्यांनी संध्याकाळी सातनंतर दुकानावर यावं. येताना आपल्या वॉर्डाची मतदार यादी घेऊन या.